नॉयरमधले प्रेमिक प्रेमाबद्दल का बोलत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही नॉयर धाटणीचा, म्हणजे गुन्हा आणि विश्वासघाताच्या काळोख्या गोष्टीचा, मराठी चित्रपट लिहिताय. नायक तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेचा शाखाधिकारी आहे आणि नायिका तिथे मुदत ठेव मोडायला आलेली विवाहित बाई. दोघांचे संवाद कागदावर चटपटीत वाटतात, पण चार जणांत वाचायला घेतले की या दोघांत काही आहे असं कुणालाच वाटत नाही. जुन्या अमेरिकी नॉयरमध्ये जे तीन मिनिटांत उभं राहतं ते इथे का राहत नाही? नमुना म्हणून तुम्ही दोन वाक्यं दिलीत. तो म्हणतो, "तुझ्या डोळ्यांत मला माझं मरण दिसतं." ती म्हणते, "मग डोळे मिटून घे."

मी पंचवीस वर्षं नाटक, मालिका आणि सिनेमासाठी संवाद लिहितोय आणि त्यातली बरीच वर्षं पटकथा शिकवतोही आहे. नॉयरच्या नादाला लागलेला प्रत्येक नवा लेखक या जागी अडकतो, म्हणून सविस्तर लिहितो. उत्तर आधीच सांगतो. तुमची दोघं प्रेमाबद्दल बोलतायत. नॉयरमधली माणसं प्रेम सोडून बाकी सगळ्याबद्दल बोलतात. विमा, मोटार, घोडे, जेवण, जुगार. प्रेमाचं नाव त्यांनी घेतलंच, तर एक तर ती खोटं बोलत असतात, नाही तर फार उशीर झालेला असतो.

कागदावर चांगलं आणि कानाला खोटं हा अनुभव तुमच्या एकटीचा नाही. 'डबल इन्डेम्निटी' हा 1944 चा चित्रपट बिली वाइल्डरने रेमंड चँडलरबरोबर लिहिला, जेम्स केन यांच्या कादंबरीवरून. कादंबरीतले संवाद इतके सफाईदार होते की वाइल्डरला ते तसेच ठेवायचे होते. चँडलरने हरकत घेतली. मग नटांना बोलावून कादंबरीतला एक प्रसंग वाचून घेतला, आणि तो पडला. चँडलरचं म्हणणं होतं की हे संवाद डोळ्यांसाठी लिहिलेले आहेत, कानासाठी नाहीत. गंमत म्हणजे चँडलर स्वतः कादंबरीकार होता आणि त्याची ही पहिलीच पटकथा. तरी त्याला हे कळलं, कारण वाक्य छान आहे का यापेक्षा ते बोलणाऱ्याला समोरच्याकडून काय हवंय, हे तो आधी पाहत होता. तुमच्या दोन वाक्यांत ते नाही. "मरण दिसतं" म्हणणाऱ्या माणसाला तिच्याकडून काय हवंय? "डोळे मिट" म्हणणारीला? दोघंही समोरच्याशी न बोलता प्रेक्षकांशी बोलतायत.

आता त्याच चित्रपटातली पहिली भेट पाहा. वॉल्टर नेफ हा विमा विकणारा, फ्रेड मॅकमरेने केलेला. तो डिट्रिक्सन यांच्या घरी मोटारीच्या विम्याचं नूतनीकरण करायला जातो. मालक घरी नाही. जिन्याच्या वरच्या टोकाला त्याची बायको फिलिस उभी आहे, नुसता टॉवेल गुंडाळलेली, बार्बरा स्टॅनविक. नेफ तिला सांगतो की गाडी कुठे ठोकली गेली आणि तेव्हा पूर्ण 'कव्हर' नसलं तर वाईट वाटेल. बोलणं विम्याचं आहे आणि प्रत्येक शब्द खरा आहे. तिला कळतं, त्याला कळतं, आपल्याला कळतं, पण उद्या कुणी जाब विचारला तर दोघंही म्हणू शकतात, आम्ही मोटारीबद्दल बोलत होतो. ती कपडे करून खाली येते तेव्हा तो तिच्या पायातल्या साखळीकडे पाहतो, तिच्यावर कोरलेलं नाव विचारतो. नाव आवडलं असं वाटतंय, असं तो म्हणतो. पण खात्री नाही, असं ती म्हणाल्यावर तो म्हणतो की गाडी दोन-तीनदा चक्कर मारून आणल्याशिवाय सांगता येणार नाही. पुन्हा मोटार!

मग येतो तो प्रसिद्ध तुकडा. ती म्हणते, या राज्यात वेगाला मर्यादा आहे, मिस्टर नेफ, ताशी 45 मैल. तो विचारतो, मी किती वेगात होतो, ऑफिसर? ती म्हणते, 90 च्या आसपास. यानंतर सलग सहा वाक्यं एकाच शब्दाने सुरू होतात: समजा. समजा तुम्ही मोटारसायकलवरून उतरून मला दंडाची पावती फाडलीत. समजा मी या वेळी नुसती ताकीद देऊन सोडलं. समजा ताकीद लागू पडली नाही. समजा मला बोटांवर पट्टी मारावी लागली. समजा मी रडायला लागलो आणि तुमच्या खांद्यावर डोकं ठेवलं. आणि तिचं शेवटचं: समजा ते माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर ठेवून बघितलंत.

मुलांना शिकवताना मी या 'समजा'वर एक अख्खा तास घालवतो. एक तर हा शब्द कुणालाच बांधून ठेवत नाही. काही घडलेलं नाही, नुसतं समजायचं आहे. दोघं सहा वाक्यांत खूप पुढे जातात आणि दोघांचेही हात स्वच्छ राहतात. दुसरं, 'समजा' हा विमेवाल्याचाच शब्द आहे. समजा अपघात झाला, समजा आग लागली, समजा घरचा कर्ता गेला. नेफ आयुष्यभर याच शब्दावर पोट भरत आलाय. फिलिस त्याचं हत्यार त्याच्याच हातून उचलून घेते आणि त्याच्यापेक्षा बरं चालवते. आणि तिसरं, 'नवरा' हा शब्द खेळ थांबवतो खरा, पण तो उच्चारणारी तीच आहे. खोलीत नसलेला माणूस तिने मधे आणून उभा केला. पुढे त्यालाच नाहीसा करायचं आहे, हे त्या क्षणी नेफला माहीत नाही. तिला बहुधा आहे.

म्हणजे प्रेम, सौदा आणि खून या तिन्ही गोष्टी एकाच भाषेत बोलल्या जातात. ही भाषा पुढे सबंध चित्रपटभर चालू राहते. योजना अशी की नवऱ्याच्या नकळत त्याचा अपघात विमा काढायचा आणि मृत्यू आगगाडीतला अपघात वाटेल असा घडवायचा, कारण तशा अपघाताला रक्कम दुप्पट मिळते. 50 हजार डॉलरचे एक लाख. शीर्षकाचा अर्थही तोच. खुनाच्या आधी आणि नंतर दोघं भेटतात ती एका किराणा बाजारात, डब्यांच्या मांडणीपाशी. एकमेकांकडे न बघता, डबे हाताळत बोलतात. मधेच एक बाई येते आणि नेफला वरच्या फळीवरचं काहीतरी काढून द्यायला सांगते. या भेटी मला पहिल्या भेटीइतक्याच महत्त्वाच्या वाटतात. ज्यांना संसार नको होता अशी दोन माणसं संसारी बायकांच्या गर्दीत उभी आहेत आणि त्यांच्यात आता प्रेमाचा एक खरा शब्द उरलेला नाही. उरलाय तो फक्त कोण कच खाईल याचा हिशेब. दोघं तोंडाने काहीही म्हणोत, हे आपल्याला डबे आणि फळ्या सांगतात.

शेवटच्या भेटीत ती त्याच्यावर गोळी झाडते आणि दुसरी झाडू शकत नाही. म्हणते, माझं तुझ्यावर कधीच प्रेम नव्हतं, एक मिनिटापूर्वीपर्यंत. दुसरी गोळी झाडता आली नाही तेव्हा कळलं. कदाचित हे तिचं पहिलं खरं वाक्य. नेफचं उत्तर असं की माफ कर, मी हे विकत घेत नाही. विक्रेता आहे तो, दुसरा शब्दच त्याच्याकडे नाही. ती म्हणते, विकत घे म्हणत नाही मी, फक्त जवळ धर. तो धरतो आणि गोळी झाडतो. पाहा, 'मला तुझ्यावर विश्वास नाही' असं वाक्य तिथे असतं तर प्रसंग किती सामान्य झाला असता. पहिल्या भेटीत ज्या भाषेतून आकर्षण जन्मलं, त्याच भाषेत ते मारलं गेलं. तुमच्या पतसंस्थेच्या गोष्टीसाठी हा धडा सर्वांत उपयोगाचा आहे, खाली पुन्हा येतो त्याच्याकडे.

आणि या चित्रपटात 'आय लव्ह यू' हे शब्द विश्वास बसावा असे कुठे येतात? नेफ आणि त्याचा वरिष्ठ सहकारी कीज यांच्यात. एडवर्ड जी. रॉबिन्सनचा कीज खिसे चाचपत राहतो, त्याला कधीच काडी सापडत नाही, आणि नेफ दर वेळी अंगठ्याच्या नखावर काडी ओढून त्याची सिगार पेटवून देतो. नेफ त्याला आधी एकदा थट्टेत म्हणतो, माझंही तुमच्यावर प्रेम आहे. शेवटी तो दारात कोसळलेला असताना कीज त्याची सिगारेट पेटवतो आणि नेफ तेच वाक्य पुन्हा म्हणतो. पुरुषांची मैत्री, बाप-लेकासारखं नातं, काही म्हणा. पण वाक्य बदललेलं नाही, काडी धरणारा हात बदललाय. वाइल्डरने यानंतरचा विषारी वायूच्या कोठडीतल्या मृत्युदंडाचा खर्चिक प्रसंग चित्रित करूनसुद्धा काढून टाकला. काडीनंतर काही दाखवायचं उरलं नव्हतं.

इथे सेन्सॉरबद्दल बोलायला हवं, कारण अनेक जण म्हणतात की उघड बोलायला बंदी होती म्हणून हे आडवळणाचं बोलणं फुललं. हॉलिवूडची निर्मितीसंहिता 1930 मध्ये स्वीकारली गेली आणि 1934 पासून जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाने ती कडकपणे राबवली. केन यांची ही कथा तीसच्या दशकात त्याच कार्यालयाने रोखून धरली होती. गुन्हेगाराला शिक्षा व्हायलाच हवी, व्यभिचार आकर्षक दिसता कामा नये, चुंबन लांबता कामा नये. 'नटोरियस'मध्ये (1946) हिचकॉकने कॅरी ग्रँट आणि इन्ग्रिड बर्गमन यांचं अडीच मिनिटांचं चुंबन दाखवलं ते तुकड्यातुकड्यांनी. दर काही क्षणांनी ओठ बाजूला होतात, रात्रीच्या जेवणाला कोंबडी करायची का यावर बोलणं होतं, तसंच बिलगून दोघं फोनपर्यंत जातात. त्या कोंबडीच्या बोलण्यामुळे प्रसंग जास्त खासगी होतो, कारण माणसं ज्याच्याशी खरोखर जवळची असतात त्याच्याशी स्वयंपाकाबद्दलच बोलतात. त्याच ओघात ती म्हणते, आपलं हे प्रकरण विचित्र आहे, कारण बहुधा तुझं माझ्यावर प्रेम नाही. तो म्हणतो, नसेल तेव्हा कळवीन. पुढचा सगळा चित्रपट त्याच्या या न बोलण्याची किंमत मोजतो.

पण बंदीला श्रेय देऊ नका. त्याच काळात, त्याच नियमांखाली शेकडो चित्रपट निघाले आणि त्यातल्या बहुतेकांतले प्रेमप्रसंग लाकडी आहेत. नियमाने एक दार बंद केलं, एवढंच. ज्याला घराचा आराखडा ठाऊक होता त्याने खिडकी शोधली. आज तुम्हाला सगळी दारं उघडी आहेत आणि तरी खिडकीतूनच जायचंय, हे जास्त अवघड आहे.

'द बिग स्लीप'बद्दल थोडक्यात. हॉवर्ड हॉक्सने तो 1944-45 मध्ये चित्रित केला, 1945 मध्ये परदेशी असलेल्या अमेरिकी सैनिकांना एक आवृत्ती दाखवलीही गेली. मग जानेवारी 1946 मध्ये काही प्रसंग नव्याने चित्रित झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चित्रपट आला. दोन्ही आवृत्त्या आज पाहता येतात आणि तुम्ही त्या पाठोपाठ पाहाच. जुन्या आवृत्तीत सरकारी वकिलाच्या कार्यालयातला एक लांब प्रसंग आहे, त्यात गुंतागुंतीचं कथानक समजावून सांगितलंय. नव्या आवृत्तीत तो गेला आणि नायक-नायिका झालेल्या हम्फ्री बोगार्ट आणि लॉरेन बॅकॉल यांचा शर्यतीच्या घोड्यांवरून चाललेला संवाद आला. कोण कसा धावतो, सुरुवातीलाच पुढे जातो की मागून येतो, खोगिरावर कोण बसलंय त्यावर किती अवलंबून असतं. कथानक आणखी दुर्बोध झालं आणि चित्रपट आणखी लाडका. तरी माझं मत सांगतो: हा प्रसंग चमकदार आहे, पण 'डबल इन्डेम्निटी'च्या तोडीचा नाही. घोडे त्या दोघांच्या आयुष्यातून आलेले नाहीत, ते फक्त द्वयर्थासाठी आणलेत. दोघं पडद्याबाहेर खरोखर प्रेमात होते, 1945 मध्ये त्यांचं लग्नही झालं होतं, म्हणून तो तरून जातो. तुमच्या नटांवर एवढा भरवसा ठेवू नका.

आता माझ्या सर्वांत जवळचा चित्रपट: निकोलस रेचा 'इन अ लोन्ली प्लेस', 1950. बोगार्टने केलेला डिक्स स्टील हा पटकथालेखक आहे, एका खुनाचा संशय त्याच्यावर आहे. शेजारी राहणारी लॉरेल, म्हणजे ग्लोरिया ग्रॅहम, त्याच्या बाजूने साक्ष देते आणि दोघं जवळ येतात. तो पुन्हा लिहायला लागतो. हळूहळू तिला त्याचा राग दिसतो, त्याचा हात उठताना दिसतो, आणि खून यानेच केला असेल का ही शंका तिला झोपू देत नाही. अशा एका सकाळी तो स्वयंपाकघरात तिच्यासाठी न्याहारी करतोय. ग्रेपफ्रूट कापायची सुरी मुद्दाम वाकडी केलेली असते. याला ते ठाऊक नाही, तो ती सरळ करत बसतो. ती त्याच्या लिखाणातल्या प्रेमप्रसंगाचं कौतुक करते. तेव्हा तो म्हणतो की चांगल्या प्रेमप्रसंगात प्रेम सोडून दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलणं असायला हवं. आत्ताचंच बघ. मी ग्रेपफ्रूट कापतोय, तू अर्धवट झोपेत समोर बसलीयेस. कुणीही पाहिलं तरी कळेल, हे दोघं प्रेमात आहेत.

आमच्या धंद्याचा सगळा सिद्धान्त या तीन-चार वाक्यांत आहे. पण अँड्र्यू सोल्टची पटकथा आणि रेचं दिग्दर्शन सिद्धान्तापाशी थांबत नाहीत. डिक्स हे बोलतो त्या क्षणी समोरची बाई घाबरलेली आहे. कुणीही पाहिलं तर प्रेम दिसेल, हे खरं. आपल्याला मात्र भीती दिसते, कारण आपण तिचा चेहरा पाहतोय आणि तो सुरीकडे पाहतोय. त्याचं दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलणं प्रेमाचं आहे, तिचं गप्प बसणं दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. म्हणून फक्त विषय बदलून भागत नाही. एकाच टेबलापाशी बसलेल्या दोन माणसांच्या मनातला विषय वेगवेगळा असावा लागतो. वाकडी सुरी सरळ करणारा हा माणूस नातंही असंच सरळ करायला जातो, हे कुणी बोलून दाखवत नाही.

याच चित्रपटात डिक्सला आपल्या पटकथेसाठी तीन ओळी सुचतात: तिने चुंबन घेतलं तेव्हा मी जन्मलो, ती सोडून गेली तेव्हा मेलो, तिचं प्रेम होतं तेवढे काही आठवडे जगलो. तो त्या लॉरेलला म्हणायला लावतो. एरवी या ओळी मी तुमच्या 'मरण दिसतं'सारख्याच काढून टाकायला सांगितल्या असत्या. इथे त्या चालतात, कारण आधी त्या पटकथेतल्या ओळी म्हणून येतात, कुणाच्या तोंडची कबुली म्हणून नाही. शेवटी फोन येतो, डिक्स निर्दोष ठरलाय. पण त्याच्या जरा आधी त्याने तिचा गळा आवळलेला आहे. काल हा फोन आला असता तर किती अर्थ होता, असं ती म्हणते, आणि मग तो निघून जाताना त्यातली शेवटची ओळ स्वतःशी म्हणते. उसनी ओळ तिची होते. तुम्हाला अलंकारिक वाक्य लिहायची हौस असेल तर हा मार्ग आहे: आधी ते खोटं म्हणून आणा, मग त्याच्यावर खरं ठरायची वेळ आणा.

'आउट ऑफ द पास्ट'मध्ये (1947, दिग्दर्शक जॅक टर्नर, लेखक डॅनियल मेनवेअरिंग) खोटेपणाच प्रेमाचा पाया आहे. जेफ हा खासगी गुप्तहेर, रॉबर्ट मिचम. एका जुगारसम्राटावर गोळी झाडून आणि त्याचे 40 हजार डॉलर घेऊन पळालेल्या कॅथीला शोधत तो अकापुल्कोला जातो. जुगाराच्या टेबलापाशी तो तिला सांगतो, हा जिंकायचा मार्ग नव्हे. जिंकायचा मार्ग असतो का, ती विचारते. तो म्हणतो, हळूहळू हरायचा एक मार्ग असतो. बोलणं चाकावरच्या चेंडूचं आहे. पुढे समुद्रकिनारी, कोळ्यांच्या जाळ्यांपाशी ती कळवळून सांगते की पैसे मी घेतले नाहीत, तुझा विश्वास नाही का? तो म्हणतो, मला पर्वा नाही.

हे उत्तर नीट ऐका. तो 'विश्वास आहे' म्हणत नाही आणि 'नाही'ही म्हणत नाही. तिचा प्रश्न तो बाजूला ठेवतो. नॉयरमधलं प्रेम म्हणजे हाच क्षण, खरंखोटं तपासायचं ज्याचं काम आहे तो तपासायचं सोडून देतो. आणि हे सगळं तो सांगतोय कुणाला? आताच्या प्रेयसीला, ॲनला, रात्री गाडीतून जाताना. एका बाईवरच्या प्रेमाची गोष्ट दुसऱ्या बाईला, भूतकाळात. नॉयरमधल्या निवेदनाचा हाच उपयोग आहे. 'डबल इन्डेम्निटी'तही नेफ मरणाच्या वाटेवर कार्यालयातल्या डिक्टाफोनमध्ये बोलतोय. 'होतं' या क्रियापदात प्रेम सुरू होण्याआधीच संपलेलं असतं. प्रेक्षकाला शेवट ठाऊक असल्यामुळे पहिल्या भेटीतलं हलकंफुलकं बोलणंही जड होऊन येतं.

त्या चित्रपटाच्या शेवटी ॲन एका मुक्या-बहिऱ्या मुलाला विचारते, जेफ खरंच त्या बाईबरोबर निघून जाणार होता का? मुलगा मान हलवून हो म्हणतो. ते खोटं आहे; ॲनने मागे न बघता पुढे जावं म्हणून सांगितलेलं. अख्ख्या चित्रपटात सर्वांत प्रेमाचं वाक्य शब्दांशिवाय आहे आणि असत्य आहे.

एक गोष्ट तुम्ही बाई म्हणून लिहिताय त्यासाठी. या चित्रपटांतल्या घातकी सुंदरी बहुतेक पुरुषाच्या तोंडून ऐकू येतात, त्याच्या निवेदनातून. त्यामुळे ती अशी का, हे क्वचित कळतं. पण या परंपरेत बायका होत्या. 'द बिग स्लीप'च्या पटकथालेखकांत ली ब्रॅकेट होत्या, 'इन अ लोन्ली प्लेस'ची मूळ कादंबरी डॉरथी ह्यूज यांची, 'लॉरा'ची व्हेरा कॅस्परी यांची. तुमच्या नायिकेला गूढ ठेवू नका. तिला काय हवंय ते तुम्हाला पैशापर्यंत ठाऊक असू द्या: ठेव किती, व्याज किती, घर कुणाच्या नावावर. गूढ ती फक्त त्याला वाटू दे.

आता मराठीकडे. सिगारेट, पाऊस, तिरकी हॅट आणि 'बेबी' हे आणू नका. आपल्याकडे याहून मोठी सामग्री आहे आणि ती इंग्रजीकडे नव्हती. इंग्रजीत 'यू' एकच. म्हणून वाइल्डरला 'मिस्टर नेफ'पासून 'वॉल्टर'पर्यंतच्या अंतरावर काम भागवावं लागलं. तुमच्याकडे 'तुम्ही' आणि 'तू' आहे. शाखाधिकारी आणि ठेवीदाराची बायको पहिल्या प्रसंगात 'तू' म्हणूच शकत नाहीत, आणि तुमच्या पहिल्याच पानावर ती म्हणतात! तिथेच सगळं मेलं. ते 'तू' राखून ठेवा. पहिल्यांदा ते कोण म्हणतं, कुठे म्हणतं, आणि ऐकणारा सावरतो की सावरत नाही, हा एक अख्खा प्रसंग आहे. पुढे फौजदारासमोर तिच्या तोंडून चुकून 'तू' निघालं तर तो पुरावा आहे. आणि शेवटी ती पुन्हा 'तुम्ही' म्हणाली तर फारकतीला दुसरं वाक्य लागणार नाही.

शिवाय आडून बोलणं आपल्याला कुणी शिकवायला नको. उखाण्यात काय असतं? चांदीचं ताट, महादेवाची पिंड, अंगणातली तुळस, आणि त्यातून अलगद नाव. ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याच्याभोवती वस्तूंची रांगोळी काढायची. तमाशातले सवाल-जवाब तर उघडउघड झुंज, एकाने घातलेल्या कोड्यावर दुसऱ्याने वरचढ होणं. तुमच्या कानात हे आहे, ते वापरा. पन्नासच्या दशकात मुंबईत 'बाजी', 'आरपार', 'सीआयडी' असे नॉयरच्या सावलीतले हिंदी चित्रपट झाले, तिथे हे छेडछाडीचं काम मुख्यतः गाण्यांनी केलं. तुमच्या चित्रपटात गाणी नाहीत म्हणता, तर ते बोलण्यातच करावं लागेल.

आणि दुसरा विषय शोधायला लांब जाऊ नका. तुम्ही पतसंस्था निवडलीत हे फार चांगलं झालं. संयुक्त ठेवीच्या पावतीवर काय छापलेलं असतं? दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात असेल तो. हे वाक्य वाचून मला तुमचा हेवा वाटला. तुमच्या पहिल्या भेटीचा मी केलेला कच्चा खर्डा देतो.

ती : ही ठेव मोडायची आहे.

तो : पावतीवर दोन नावं आहेत. मुदतीआधी मोडायची तर दोघांच्या सह्या लागतात.

ती : आणि दोघांतलं एकच उरलं तर?

तो : मग दाखला आणि एक सही.

ती : एवढ्यात होतं?

तो : फॉर्म एका पानाचाच आहे.

ती : तुम्ही भरून द्याल?

तो : साडेपाचला काउंटर बंद होतो.

ती : मी काउंटरचं नाही विचारलं.

यात नियमाबाहेरचं एक अक्षर नाही. शेजारच्या खिडकीतल्या रोखपालाने ऐकलं तरी काही बिघडत नाही. ती तीन प्रश्न विचारते आणि पहिल्या दोन्हींना तो सरळ उत्तर देतो. तिसऱ्याला देत नाही, वेळ सांगतो. तो पडला तो तिथे. दाखला कसला ते तो म्हणत नाही, तीही विचारत नाही. नट हे वाचताना 'एकच उरलं तर' या शब्दांवर जोर देईल. देऊ देऊ नका. तिने ते पासबुक भरून घेताना विचारतात तसं विचारायला हवं.

तुमच्या शेवटच्या प्रसंगात नायक मरताना म्हणतो, "माझं तुझ्यावर खरंच प्रेम होतं." ते काढा. पहिल्या भेटीतलं एखादं वाक्य तिथे परत येऊ द्या, आणि या वेळी ते दुसऱ्याच्या तोंडी असू द्या. 'एवढ्यात होतं?' हे त्याने म्हटलं तर काय होतं, ते लिहून बघा. मग दोन्ही प्रसंग घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवा, ज्यांना कथा माहीत नाही अशांना, भाजी निवडता निवडता. त्यांचे हात कुठे थांबतात ते पाहून ठेवा. आणि 'तू' पहिल्यांदा येतं तो प्रसंग झाला की मला पाठवा, तो मला वाचायचाय.